आखूड नळी

निवडणुकीची आचारसंहिता जवळ आली, की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ येते आणि आमच्या ओसरीवर माणसं दिसायला लागतात. कोणाच्या बाराबोरचा दस्ता चिरलेला असतो, कोणाच्या रायफलीच्या नळीत गंज धरलेला असतो. मी राज्य राखीव पोलीस दलात आर्मरर होतो. कोतातली, म्हणजे शस्त्रागारातली, हत्यारं उघडायची, पुसायची, दुरुस्त करायची आणि वहीत नोंद करायची, हे काम. आता निमगाव केतकीत पानमळा बघतो. दुरुस्तीला हात लावत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. नुसतं बघून काय बिघडलंय ते सांगतो आणि पुण्यातल्या परवानाधारक दुकानाचा रस्ता दाखवतो. लोक तेवढ्यावरही खूश असतात.

मागे असाच शेळगावच्या बाजूचा एक पोरगा वडिलांबरोबर आला. त्यांच्याकडे पॉइंट तीनशे पंधरा रायफल, आजोबांनी उसातल्या रानडुकरांसाठी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. वडील मळ्यात पानं बघायला गेल्यावर पोरानं मोबाइल पुढे केला. कुठल्याशा खेळातली बंदूक होती.

"तात्या, आपली अशी होईल का? पुढची नळी थोडी काढायची, घडीचा दस्ता बसवायचा. लेथवाला ओळखीचा आहे माझ्या."

इंदापूर तालुक्यात लेथवर हात बसलेल्या माणसांना तोटा नाही. वालचंदनगरच्या कारखान्यांनी त्यांच्या पिढ्या घडवल्यात. पण मी त्याला आधी १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम सहा सांगितलं. बंदुकीची नळी आखूड करायला वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हत्यार एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेणंही त्याच कलमात आलं आणि शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. "आजोबांची रायफल जाईल, परवाना जाईल आणि लेथवाला तुझ्या शेजारच्या कोठडीत असेल," म्हटलं. पोरगा हसला, पण मोबाइल खिशात घातला.

चित्रातली बंदूक मी ओळखली होती. सोव्हिएत सैन्याची एकेएस-७४यू, जिला जगभरचे हौशी लोक क्रिंकोव्ह म्हणतात. ती का आखूड झाली आणि आपल्याकडे कोणाच्या बंदुका कोणी, कशासाठी बदलल्या, हे मला त्याला सांगायचं होतं. चहा संपेपर्यंत थोडंच सांगून झालं. राहिलेलं इथे लिहितो.

सुरुवात त्याच्याच रायफलीपासून करावी लागेल, कारण ती मुळातच सोंग घेतलेली आहे. तिचा बोल्ट मागे ओढला, की जुन्या पोलिसाच्या हाताला लगेच कळतं: ही आमची थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एन्फिल्ड. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीनं त्याच सांगाड्यावर वेगळी नळी चढवली, पाच गोळ्यांची पेटी लावली आणि शिकारी हत्यार म्हणून ती नागरिकांना विकली. कारण इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लष्करी बोअर, म्हणजे नळीचं माप, खासगी माणसांना बंद केला. पलटणीतलं काडतूस चोरीनं किंवा फितुरीनं बाहेर गेलं, तरी ते गावातल्या बंदुकीत चालू नये, हा हिशेब. मग नागरिकांसाठी जुन्या ऑस्ट्रियन मॅनलिखर काडतुसाच्या घराण्यातलं आठ मिलिमीटरचं काडतूस निवडलं. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली ही काडतुसं पोलिसांच्या पंचनाम्यात नेहमी भेटतात, बुडावर 'केएफ' असा शिक्का असलेली. स्वातंत्र्यानंतर कायदा नवा आला, हिशेब जुनाच राहिला. थ्री-नॉट-थ्री आजही प्रतिबंधित आणि तिची ही बहीण परवान्यावर मिळते. म्हणजे पोराला सोंगावर आणखी एक सोंग चढवायचं होतं.

त्यात आणखी एक भर आहे. ज्या थ्री-नॉट-थ्रीला आम्ही लांबलचक, जड म्हणून शिव्या घालायचो, ती स्वतःच आखूड केलेली रायफल आहे. त्याआधी इंग्रजी पायदळाच्या ली-एन्फिल्डची नळी तीस इंच आणि घोडदळाच्या कार्बाइनची एकवीस इंचांच्या आसपास होती. बोअर युद्धातून हात पोळून आल्यावर १९०३ साली त्यांनी दोघांच्या मधली, पंचवीस इंच नळीची एकच रायफल केली. नावातच 'शॉर्ट' घातलं. विलायतेतल्या नेमबाजांनी तेव्हा ओरड केली, की ही ना धड रायफल, ना धड कार्बाइन. त्याच रायफलीनं दोन महायुद्धं लढली आणि आपल्या शिपायांच्या खांद्यावर ती एकविसाव्या शतकातही होती. आखूड-लांब हे शेवटी आदल्या हत्याराशी तुलना करूनच ठरतं.

कार्बाइन ही चीज आली ती घोड्यावरून. जुन्या मराठीत जिला कडाबीन म्हणत, तीही याच जातीची. लगाम सांभाळत लांब बंदूक भरणं जमत नाही, म्हणून नळी कमी. पुढे घोडे गेले आणि त्यांच्या जागी तोफखान्याचे गोलंदाज, गाड्यांचे ड्रायव्हर, तारायंत्रवाले आले. ज्या माणसाचं मुख्य काम दुसरंच आहे आणि हत्यार फक्त वेळप्रसंगी लागतं, त्याला आखूड बंदूक. माझ्या मते कार्बाइनचा सगळा इतिहास एवढ्यावर उभा आहे. खेळातली पोरं तिला वाघाचं हत्यार समजतात. खरं तर ती ड्रायव्हरची बंदूक.

परक्याचं हत्यार बघून आपलं घडवायची हौसही आपल्याकडे जुनी. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन हा युरोपीय सेनानी होता. त्यांच्या आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिरानं विलायती मस्केटच्या तोडीच्या बंदुका दहा रुपये नगानं काढल्या. ती नक्कल ताकद वाढवायला होती. त्यानंतर इंग्रजांनी आपल्या लोकांसाठी बंदुका बदलल्या, त्या बरोबर उलट कारणानं.

१८५७ चं काडतुसांचं प्रकरण शाळेत सगळे शिकतात. त्यानंतर बंदुकीचं काय झालं, ते शिकवत नाहीत. देशी पलटणींना १८५८ च्या नमुन्याची बंदूक मिळाली. बाहेरून बघाल तर एन्फिल्ड रायफलच. तीच लांबी, तेच लाकूड, तसलाच घोडा. आत मात्र गोळीला फिरकी देणारा पीळ नाही. नळी रुंद करून गुळगुळीत केलेली आणि बॅकसाइट एका जागी पक्की, पल्ला बदलायची सोयच नको. पीळ असलेली नळी कित्येकशे यार्डांवरचा माणूस टिपायची. ही शंभरापुढे बेभरवशाची. परेडला गोरा शिपाई आणि काळा शिपाई शेजारी उभे केले, तर बघणाऱ्याला दोघांची बंदूक एकच वाटावी, असं ते काम होतं. कारागीर म्हणून मला त्या कामाची सफाई मान्य करावी लागते. कारागीर म्हणूनच त्याची चीडही येते, कारण चांगल्या नळीतला पीळ काढून टाकणं हे आमच्या धंद्यात पाप. तेव्हापासून पुढची कित्येक दशकं देशी शिपायाच्या हातात गोऱ्यापेक्षा एक पिढी मागचं हत्यार राहिलं. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री आली, तेव्हा आपल्यांना स्नायडर.

पलटणीचं हे झालं, गावाचं १८७८ साली. लॉर्ड लिटनच्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं आणि युरोपीयांना त्यातून सूट मिळाली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीतले कारकून वासुदेव बळवंत फडके रामोशी साथीदार घेऊन उठले आणि शिरूरकडच्या धामारीवर पहिला छापा घातला. तलवारी पुष्कळ आणि बंदुका थोड्या, अशी ती फौज. फडके जुलैत पकडले गेले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारले. कायद्याची गरज काय होती, असं त्यानंतर कुठल्या गोऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं नसावं.

पिळाशिवायच्या बंदुकीची दुसरी आवृत्ती मी हातात धरलेली आहे. चारशे दहाची मस्केट. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका जुन्या कोतात रॅकला ओळीनं उभ्या होत्या. लांबून थ्री-नॉट-थ्री. जवळ गेलं, की नळीचं तोंड मोठं दिसतं आणि खाली दहा गोळ्यांच्या पेटीत लाकडाचा ठोकळा बसवलेला. एक काडतूस हातानं घाला, बार काढा, पुंगळी बाहेर, मग दुसरं घाला. ईशापूरला चांगल्या रायफली घेऊन त्यांचं हे रूप केलं जाई आणि काडतूस बने खडकीला, थ्री-नॉट-थ्रीचीच पुंगळी, मान न आवळता सरळ ठेवलेली. पोलीस आणि तुरुंगाचे पहारेकरी हे त्यांचे धनी. दंगलीत गोळी फार लांब जाऊन भलत्याला लागू नये, हे एक कारण खरं आहे आणि मला पटतंही. पण ठोकळ्याचं कारण वेगळं. पहारेकरी उलटला किंवा त्याच्या हातातून बंदूक हिसकावली गेली, तर एका वेळी एकच बार निघावा. स्वतंत्र भारतानंही ती मस्केटं लगेच मोडीत काढली नाहीत. आमचे जुने हवालदार तर तिच्यावर खूश असायचे. साफ करायला सोपी, धक्का कमी, आणि तपासणीला नळीत पीळच नाही म्हटल्यावर पिळात मळ निघायचा प्रश्न नाही.

याच थ्री-नॉट-थ्रीची आणखी रूपं ज्यांनी एनसीसी केलं त्यांना माहीत असतील. सांगाडा तोच, आत पॉइंट टू-टूची बारीक नळी, म्हणजे स्वस्तात नेमबाजी शिकता येते. आणि डीपी रायफल, कायमची निकामी केलेली, फक्त कवायतीला. एकाच हत्याराची किती सोंगं काढावीत याला सुमार नाही.

आता आखूड नळीकडे. दुसऱ्या महायुद्धात आपल्या मराठ्यांनी आखूड हत्यार कसं वापरलं, याचं उदाहरण माणगावकडच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले. ते एकटे धावून गेले. बॉम्ब टाकला, टॉमीगननं एकाला उडवलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनंच मारलं. नंतर शत्रूच्या गोळ्यांनी ते गेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जवळून झालेल्या लढाईत लांबी कामाची नसते, असं त्या वेळचे सगळेच सैन्यवाले म्हणायला लागले होते.

म्हणून इंग्रजांनी १९४४ साली ली-एन्फिल्ड आणखी आखूड केली: जंगल कार्बाइन. नळी एकोणीस इंचांच्या आत, तोंडाला शंकूसारखा ज्वाळा झाकणारा भोंगा, दस्त्याला रबराची गादी. वजन सव्वातीन किलोच्या आतबाहेर. फोटोत इतकी देखणी रायफल दुसरी नाही. वापरणाऱ्याला मात्र तिनं रडवलं. दारू मोठ्या नळीच्या हिशेबानं भरलेली, ती आखूड नळीत पुरती जळत नाही. उरलेली तोंडाबाहेर भडकते. म्हणून तो भोंगा. धक्का वाढतो, म्हणून गादी, आणि ती गादीही इतकी अरुंद की खांदा सुजायचा. त्यावर शेवटचा घाव म्हणजे नेम जागेवर राहत नाही अशी तक्रार आली. १९४७ मध्ये उत्पादन थांबलं.

रशियनांनीही हेच केलं आणि जास्त मोठ्या प्रमाणावर. त्यांची मोसिन रायफल १८९१ ची, कॅप्टन सर्गेई मोसिन यांच्या नावाची. सुधारून केलेली १९३० सालची रायफल सव्वा मीटर लांब, वर संगीन लावली की माणसाच्या उंचीला येते. ती तोडून १९३८ ची कार्बाइन झाली, सुमारे एक मीटरची, तोफखाना आणि गाडीवाल्यांसाठी. मग स्टालिनग्राडसारख्या शहरांत घराघरातून लढायची वेळ आली, तेव्हा पायदळालाही आखूडच हवी झाली. १९४४ चा नमुना आला, कडेला दुमडणारी संगीन कायमची जोडलेली. युद्ध संपल्यावरही लांब रायफली शिल्लक होत्या. त्यांतल्या काही पुढे कापून १९३८ च्या कार्बाइनसारख्या केल्या. जमवणारे त्यांना ९१/५९ म्हणतात. एका रायफलीला दुसरीचं रूप दिलं, असं हे सरळ उदाहरण. आवाज आणि ज्वाळा मात्र बेफाम.

आपल्या जवानांची रशियन कार्बाइनशी गाठ पडली ती रशियन माणसाशिवाय. १९६२ मध्ये चिनी शिपायांच्या हातात सिमोनोव्हच्या सोव्हिएत कार्बाइनची चिनी आवृत्ती होती: दहा गोळ्या, दर वेळी बोल्ट ओढायची गरज नाही. आपल्याकडे बोल्ट ओढायची थ्री-नॉट-थ्री, बर्फात हात गारठलेले. त्या पराभवानंतर कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आमच्या पिढीनं इतकं ऐकलंय की त्यामागचं कारखान्यांचं काम कोणी बघत नाही. ईशापूरला ७.६२ ची स्वयंभरणी रायफल निघाली, जिला आम्ही एसएलआर म्हणतो. १९६४ साली जळगाव जिल्ह्यात वरणगावला काडतुसांचा कारखाना उभा राहिला. आणि एसएलआर सगळ्यांना पुरेपर्यंत मधला उपाय म्हणून ली-एन्फिल्डच चांगल्या पोलादात, ७.६२ च्या काडतुसासाठी नव्यानं बनवली. टू-ए आणि मग टू-ए-वन. बारा गोळ्यांची चौकोनी पेटी, ही तिची खूण. मुद्दाम सांगतो, ही थ्री-नॉट-थ्रीची नळी बदलून केलेली नव्हे. तसं समजणारे खूप भेटतात, त्यांत शिकलेलेही.

या टू-ए-वनचं पुढे काय झालं ते मला माझ्या भाच्यामुळे कळलं. तो अमेरिकेत असतो. तिथल्या बंदुकांच्या जत्रेत त्यानं एका रायफलीचा फोटो काढून पाठवला: "मामा, ही तुमची ओळखीची वाटते." चिठ्ठीवर नाव जंगल कार्बाइन. तोंडाला शंकूचा भोंगा, लाकूड कमी केलेलं. सांगाड्यावर मात्र ईशापूरचा 'आरएफआय' शिक्का आणि पेटी बारा गोळ्यांची. आपल्या सरकारनं निकाली काढलेल्या रायफली तिकडे गेल्या आणि गिब्ज नावाच्या कंपनीनं त्या कापून जंगल कार्बाइनच्या थाटात विकल्या. त्याला 'नंबर सात' असं नावही दिलं. त्याच्याही आधी, पन्नासच्या दशकात, कॅलिफोर्नियातली एक कंपनी जुन्या ली-एन्फिल्डचं हेच करत होती. ज्या भोंग्याला ज्वाळा झाकायचं काम होतं, तो आता दागिना झाला. आपल्याकडे सोंग दिलं जायचं शिपायाची ताकद काढून घ्यायला, तिकडे गिऱ्हाइकाची हौस भागवायला. मला दुसरं जास्त परवडतं, पण माझ्या कोतातल्या रायफलीला तो भोंगा बघून बरं वाटलं नाही.

पोराच्या मोबाइलमधली क्रिंकोव्ह ही याच वाटेवरची. १९७९ च्या सुमारास सोव्हिएत सैन्यानं ती घेतली आणि तुला शहरात ती बनू लागली. रणगाड्यात, हेलिकॉप्टरमध्ये, ट्रकच्या केबिनमध्ये बसणाऱ्यांसाठी, पुन्हा ड्रायव्हरच. मूळ एके-७४ ची नळी ४१५ मिलिमीटर, हिची २०६. गोळीचा वेग सेकंदाला नऊशे मीटरवरून सातशे पस्तीसवर आला. नळीच्या तोंडाशी जो जाडजूड शंकू दिसतो, त्यावरच पोरं भाळतात. नळी इतकी कमी झाल्यावर पुढची गोळी भरणारा वायू पुरा पडत नाही, तो दाबून धरायची ही सोय, ज्वाळा आवरण्याचं काम त्याच्या जोडीला. क्रिंकोव्ह नावाचा कोणी कारागीर नव्हता. हत्यार कलाश्निकोव्ह यांच्या कचेरीतलं आणि नाव अमेरिकन हौशी लोकांनी चालवलेलं.

मग ड्रायव्हरच्या बंदुकीला रुबाब आला कुठून? अफगाणिस्तानातून. तिथे ही बंदूक मिळवायची, तर सोव्हिएत वैमानिक किंवा रणगाड्यातल्या माणसाकडून काढून घ्यावी लागे. म्हणजे ज्याच्या खांद्यावर ती, त्यानं मोठी शिकार केली, असा अर्थ. ओसामा बिन लादेनच्या चित्रफितींत त्याच्या शेजारी हीच असायची. पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेलचे कारागीर साध्या एके कापून तिच्यासारख्या करून विकू लागले. अमेरिकेत १९३४ च्या कायद्यानं ठरावीक मापापेक्षा, आजच्या हिशेबानं सोळा इंचांपेक्षा, आखूड नळीच्या रायफलीची नोंदणी लागते आणि त्यावर दोनशे डॉलर कर होता. तो कर २०२६ पासून शून्य झाला, नोंदणी राहिली. नोंदणी नको असलेला हौशी नळी पुरेशी लांब ठेवतो आणि तिच्यावर आखूड बंदुकीचा पेहराव चढवतो. भाच्याला म्हटलं, हे म्हणजे लग्नातल्या घोड्याला वाघाचं कातडं. तो म्हणाला, मामा, इथे त्याला छंद म्हणतात.

आता आपल्या घरच्या कार्बाइनकडे येतो. महाराष्ट्रातला पोलीस कार्बाइन म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कानपूरच्या कारखान्यातली ९ मिलिमीटरची, लोखंडी घडीच्या दस्त्याची बंदूक असते. इंग्रजांच्या स्टर्लिंगचा परवाना घेऊन १९६३ पासून ती आपल्याकडे बनली. तिच्यात काडतूस पिस्तुलाचं. खरी गरज कशी असते, ते मला आमच्याच गावात दिसलं. आषाढी वारीला तुकोबारायांची पालखी निमगाव केतकीत मुक्कामाला असते. त्या रात्री आमच्या रस्त्यावर माणसाला माणूस घासत चालतं. अशा गर्दीत लांब रायफल खांद्याला लावलेला शिपाई वळला, की नळी कोणाच्या तरी पताकेत अडकते, नाही तर एखाद्या म्हातारीच्या डोक्याला लागते. आखूड हत्यार छातीशी धरता येतं. बंदोबस्ताला आलेल्या शिपायांना मी अजूनही सांगतो, नळी खाली ठेवा आणि पट्टा आवळा. कोणी तरणा असेल तर ऐकत नाही.

पण गरज असली तरी चांगलं हत्यार वेळेला हातात असतंच असं नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या सीएसटी स्थानकात एके घेतलेल्या दोन दहशतवाद्यांसमोर आपल्या पोलिसांकडे थ्री-नॉट-थ्री होत्या, काहींकडे नुसत्या काठ्या. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे काठी घेऊन त्या दोघांच्या गाडीपाशी गेले आणि त्यांतल्या कसाबच्या एकेची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या अंगात शिरत होत्या तरी सोडली नाही. त्यांना अशोकचक्र मिळालं. माझ्या आर्मररच्या डोक्यात त्या प्रसंगाचा एकच हिशेब राहतो, की नळी तापलेली असणार. पुढचं बोलवत नाही.

नवीन आखूड बंदुका करायचं काम आता पुण्यातच चालतं, पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत. १९५८ ची ही संस्था. इन्सास रायफल तिथली. वायूवर चालणारं तिचं यंत्र कलाश्निकोव्हच्या वळणाचं आहे, हे उघडून बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. रायफल आणि मशिनगनबरोबर तिची कार्बाइनही व्हायची होती. रायफल सैन्यात आली, कार्बाइन आली नाही. पुढे तिथूनच कानपूरबरोबर ५.५६ बाय ३० च्या काडतुसाची जेव्हीपीसी ही कार्बाइन आली, तिच्यासाठी गोळीच वेगळी, कमी दारूची आखली. मला हा मार्ग बरोबर वाटतो. लांब नळीचं काडतूस आखूड नळीत कोंबायचं आणि मग भोंगे, गाद्या लावत बसायचं, यापेक्षा नळीच्या मापाचं काडतूस घ्यावं. जंगल कार्बाइनला हे सुचलं असतं तर पुष्कळ खांदे वाचले असते. २०२१ साली लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी याच संस्थेच्या मदतीनं 'अस्मी' ही ९ मिलिमीटरची मशीन पिस्तूल पुढे आणली. आठ इंचांची नळी, वजन दोन किलोच्या आत. २०२४ मध्ये सैन्याच्या उत्तर कमांडनं तिचे ५५० नग मागवले.

पोलिसांच्या कोतात ती कधी पोहोचेल, ते बजेट ठरवील. तोपर्यंत कानपूरची जुनी कार्बाइन बऱ्याच ठाण्यांत आहे आणि तिच्याबद्दल नव्या शिपायाला सांगण्यासारखं एवढंच: मॅगझिन चौतीस गोळ्यांचं असलं तरी गच्च भरून महिनोन्‌महिने ठेवायचं नाही, दोन-तीन गोळ्या कमी भरायच्या आणि अधूनमधून रिकामं करून स्प्रिंगला मोकळं सोडायचं. स्प्रिंग बसली की तिसऱ्या-चौथ्या गोळीला अडकते, आणि तेव्हा आर्मरर शेजारी नसतो.